खाऱ्या पाण्याची रेघ

कचेरीत तिला सगळे खारूताई म्हणत. तोंडावर नव्हे, पण तिला ठाऊक होतं आणि त्याचा रागही नव्हता. जलनियोजन खात्यात तिचं कामच खाराचं. उन्हाळ्यात नदीची धार बारीक झाली की भरतीबरोबर समुद्र नदीत वर घुसतो. त्याला मागे रेटायला धरणातून किती गोडं पाणी सोडायचं, याचं गणित ती मांडायची.

लग्न केलं नव्हतं. आई गेली तेव्हा धाकटा भाऊ अजून बोबडं बोलत होता. त्याला न्हाऊमाखू घालण्यापासून बोहल्यावर चढवण्यापर्यंत सगळं तिनंच केलं. तो आता नदीकाठी, वडिलांच्या जागेत, लिंबाची कलमं बांधून विकायचा. रविवारी त्याचा फोन यायचा. तिच्या आख्ख्या आठवड्यात घरचं बोलणं म्हणजे तेवढंच.

मग लागोपाठ दोन वर्षं पावसानं दगा दिला. धरणात पाणी उरलं ते एवढंच, की शहराची तहान भागवावी किंवा सबंध नदी गोडी ठेवावी. दोन्ही जमणार नव्हतं. खार कुठवर येऊ द्यायचा, ती रेघ नकाशावर तिनंच मारायची होती. शहराचं पाणी उपसायची जागा नदीच्या वळणावर, आणि भावाची रोपवाटिका वळणाखाली, हाकेच्या अंतरावर. तिनं गणित उलटंपालटं करून पाहिलं. रेघ तेवढी खाली सरकवली, तर शहराचे नळ पावसाआधीच कोरडे पडत होते.

साहेब म्हणाले, "दुसऱ्या कुणाला देऊ का हे काम? तुमच्या घरचा मामला आहे."

"कुणीही मारली तरी ती तिथंच येणार," ती म्हणाली आणि मारली.

भावाला सांगायला तिनं फोन उचलला होता. पण सांगणार काय? खाली ठेवला.

जनसुनावणीला सभागृह गच्च भरलं होतं. तिसऱ्या रांगेतून भाऊ उठला. "मॅडम, एक विचारायचंय." चारचौघांत म्हणून असं बोलतोय, असं तिला वाटलं. "वळणाखाली कोण राहतं, हे रेघ मारताना आपल्याला माहीत होतं?"

"होतं."

"मग ठीक आहे," म्हणून तो बसला.

सुनावणी संपल्यावर तिनं त्याला जिन्यात गाठलं. "अरे, थांब की जरा!"

"बोला मॅडम."

"मॅडम काय? ताई आहे मी तुझी."

"ताई असती तर आधी कानावर घातलं असतं," तो म्हणाला. "खारं पाणी मी सोसलं असतं. पण दारावर नोटीस चिकटल्यावर मला कळावं?"

त्या उन्हाळ्यात त्याच्या कलमांची पानं कडेनं करपत गेली आणि वाफे उजाड झाले. शहराच्या नळांच्या पाण्यात खंड पडला नाही, म्हणून शहराला काही कळलंही नाही. रविवारचा फोन मात्र बंद झाला.

पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला, नदी धुऊन निघाली. त्यानं नवी कलमं बांधायला घेतल्याचं ऐकून ती गेली. "या वन्सं," म्हणत भावजय पुढं आली. भावानं आतून खुर्ची आणली, पुसली, मांडली. एरवी ती आल्या आल्या पायरीवर फतकल मारायची. आज खुर्चीत अवघडून बसली.

"आधी सांगायला हवं होतं मी," ती म्हणाली. "चुकलं माझं."

कलमाला पट्टी गुंडाळणारे त्याचे हात थांबले. "हो," तो म्हणाला. पट्टी पुन्हा फिरू लागली. गाठ मारून झाल्यावर, वर न बघता, तो म्हणाला, "चहा घेऊन जा."

परतीच्या बसमध्ये ती तेच घोळवत बसली. 'तू जा' आणि 'तुम्ही जा', दोन्हीकडे 'जा' एकच. त्यानं यातलं कुठलं म्हटलं असेल? शेजारची बाई पेंगत होती. विचारणार तरी कुणाला!