दर्यासारंगांचं तळं

निवृत्त झाल्यावर माणसं झोपा काढतात, फिरायला जातात, फार तर सुनेच्या स्वयंपाकाला नावं ठेवतात. साहेबांनी परसात खड्डा खणायला घेतला. पाणीपुरवठा कचेरीत लोकांच्या तक्रारी या कानाने ऐकून त्या कानाने सोडण्यात त्यांची हयात गेली होती. घरातही तोच खाक्या. बायको बोलायला लागली की ते चष्मा पुसायला घेत.

तिच्या कपड्यांच्या दोऱ्या जिथे होत्या, नेमकं तिथेच त्यांना तळं हवं होतं. भर उन्हात पाणी हिरवं पडेल, असं ती म्हणाली. तिला त्यातलं काय कळतं, असं ते म्हणाले. पाणी हिरवं पडलं. त्याआधी नवं पाणी महिनाभर नुसतं राहू द्या, मगच मासे सोडा, असं दुकानदाराने बजावलं होतं. पण उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! दुसऱ्याच दिवशी मासे सोडले आणि आठवड्यात सगळे पोटं वर करून तरंगले. साहेबांच्या मते मासेच हलक्या जातीचे होते. कोई नावाचे जपानी मासे आणलेत म्हटल्यावर शेजारीण म्हणाली, "आंब्याची कोय निदान रुजते तरी." तेव्हापासून गल्लीत त्यांचं नाव पडलं दर्यासारंग.

दुसरी खेप जगली. त्यात एक होता पांढराशुभ्र, डोक्यावर तेवढा लाल ठिपका. हा लालटोप्या हातातून खातो म्हणून साहेब येईल त्याला परसात ओढून नेत. पोटच्या मुलीला त्यांनी कधी घास भरवल्याचं बायकोला आठवत नव्हतं.

मुलगी वर्षाच्या लेकीला घेऊन राहायला आली ती याच सुमाराला. नात नुकती पावलं टाकायला लागली होती. लाल-पिवळे मासे दिसताच ती खिदळत थेट तळ्याकडे निघाली, आणि काठावर आईने तिचा फ्रॉक धरला म्हणून निभावलं. माशांना उन्हाचा त्रास नको म्हणून साहेबांनी तळं छातीइतकं खोल केलं होतं. मुलीने लेकीला कडेवर घेतलं. "बाबा, यावर जाळी घाला. तोवर मी हिला इथे आणणार नाही," एवढं बोलून ती त्याच संध्याकाळी निघून गेली.

जाळीने शोभा जाते, असं साहेबांचं म्हणणं. पोरांवर लक्ष ठेवायला आया असतात, हे वर. बायकोने वर्षभर सांगून पाहिलं, चिडून पाहिलं, रडूनही पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी. एकदा तिने स्वतःच जुनी मच्छरदाणी तळ्यावर ताणून बांधली, तर पाहुणे यायच्या आत साहेबांनी ती सोडून माळ्यावर फेकली. इकडे नात धावायला लागली, बोलायला लागली. आजी तिला फोनच्या काचेत बघायची आणि काचेचाच पापा घ्यायची. तळ्यालाच ती पाण्यात पाहायला लागली होती.

मग एका सकाळी बगळा आला. साहेब टॉवेल फडकावत धावले, तोवर त्याने लालटोप्याला चोचीत धरून पंख उघडले होते. त्या दिवशी साहेब जेवले नाहीत. दुपारी बाजारात जाऊन सगळ्यात जाड जाळी घेतली, माणूस बोलावला, लोखंडी खुंट्या ठोकून घेतल्या. दिवेलागणीच्या आत जाळी तळ्यावर ताठ बसली होती. त्यांनी ती दोन्ही हातांनी दाबून पाहिली आणि समाधानाने म्हणाले, "माणूस पडला तरी तोलेल."

बायको दारात उभी होती. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. साहेब मात्र खुशीत येऊन फोन लावून बसले. जाळी बसवली, आता खुशाल या, असं त्यांनी मुलीला ऐटीत सांगितलं.

पलीकडे मुलगी हरखलीच. "खरंच, बाबा? हिच्यासाठी बसवलीत?"

"म्हणजे काय, नात आहे माझी!"

बायकोने त्यांच्या हातून फोन काढून घेतला. "बगळ्यासाठी बसवलीय," ती म्हणाली. "आज सकाळी त्यांचा मासा गेला, आणि संध्याकाळी जाळी आली. तुझ्या लेकीसाठी वर्षभर मिळाली नाही ती. तू येऊ नकोस, बाळा. मीच येते तुझ्याकडे राहायला."

 मुलगी हळूच म्हणाली, "ये, आई."

साहेबांचं तोंड एवढंएवढंसं झालं होतं. ती कपाटावरून बॅग काढायला लागली तेव्हा ते मागोमाग आले. "अगं, पण माशांना खायला कोण घालणार?"

"माझ्या नातीला मी भरवते," ती म्हणाली. "तुमच्या माशांना तुम्ही भरवा."