बुधवारी पाच वाजेपर्यंत

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. घरात कुणी असा किस्सा काढला की हसणारा पहिला मीच… तेव्हा आता तुम्ही हसलात तर तक्रार नाही.

पाली गावात आमचा छोटा गट होता. जगणं नकोसं झालेल्यांनी बुधवारी चार ते पाच एकत्र बसायचं, बोलायचं. बायको गेल्यावर मीही तसाच आलो आणि पुढे गट चालवायलाच लागलो. नियम एकच – कुणी आलं नाही तरी पाचपर्यंत आतून बोलत राहायचं. बाहेर कुणी चपला काढू की नको करत उभं असलं, तर त्याला आवाज यायला हवा.

निम्मे लोक ऊसतोडीला पांगले, तसा गट ऑनलाइन आला. मोबाईल सायलेंट करायलाही मला मुलीला फोन लावावा लागतो, आणि मी लॅपटॉपसमोर!

गेल्या हिवाळ्यात एका बुधवारी कुणीच जॉइन झालं नाही. स्क्रीनवर एक गोल मात्र फिरत होता… मला वाटलं, कुणीतरी आत यायला बघतंय. बोलत राहिलो. विषय संपले तेव्हा कुणाला न सांगितलेलंही बोलून गेलो – सकाळी अजूनही दोन कप चहा टाकतो, एक तिचा. दुसरा गार झाला की गुपचूप मीच पितो. घरात एकटा माणूस, गुपचूप कुणापासून?

पाचला दिव्याचं बटण दाबलं – लाईट नाही.

"चारलाच गेली की सर," शेजारीण म्हणाली.

म्हणजे वायफाय बंद. लॅपटॉप बॅटरीवर. तासभर मी भिंतीशी बोललो होतो!

तेवढ्यात गटातल्या छायाचा फोन. (नाव बदललंय.) ती जावेबरोबर ऊसतोडीवर, लांब.

"भाऊ, आज लई बोललात."

"तू कुठं ऐकलंस?"

"मोबाईलवर. बोलणार न्हवते. आज शेवटचं ऐकावं, आन् मग…"

"मग काय, छाया?"

"मग तुमी गार चहाचं सांगितलं. आधी हसू आलं, मग रडूच आलं. पाच वाजेस्तोवर ऐकत बसले."

"तुझी जाऊ कुठाय?"

"उसाच्या फडात."

"बोलव तिला. ती येईपर्यंत फोन ठेवायचा नाही."

"न्हाई ठेवत. तुमी बोला."

जाऊ आली. दुसऱ्या दिवशी तिनं डॉक्टरकडे नेलं. छाया आता दर बुधवारी असते, आणि बोलतेही.

मुलीनं लॅपटॉप तपासला. "बाबा, चारनंतर तुमचा आवाज कुठंच गेलेला नाही." मग चहाचं छायाला कसं कळलं? मला आजही माहीत नाही.

आता लाईट गेली तरी मी पाचपर्यंत बोलतो. परवा शेजारीण खिडकीतून म्हणालीच, "सर, नेट न्हाई, कुणाशी बोलताय?"

म्हटलं, "असेल कुणीतरी."