रावसाहेबांचे आभार

इंग्रजी कादंबरीने आमच्या पिढीला एक थोर सत्य शिकवलं: खऱ्या प्रेमापुढे घराणं आणि श्रीमंती तुच्छ असतात. मला ते सांगलीच्या एका निवृत्त मुन्सफांनी, म्हणजे रावसाहेबांनी समजावलं. त्यांच्या मुलासाठी मला दाखवायला नेलं होतं आणि मी पोह्यांच्या बश्या घेऊन उभी होते.

"कादंबऱ्या वाचतेस? उत्तम! तिथे उमरावसुद्धा गरिबाघरची मुलगी करतात," रावसाहेब म्हणाले आणि वडिलांकडे वळले. "साताऱ्यात घर स्वतःचं ना, मास्तर?"

"भाड्याचं."

आठवड्याने पत्र आलं: पत्रिका जुळत नाही. पत्रिका आम्ही दिलीच नव्हती.

त्यानंतर वडील कुणाच्याही दारी गेले की बसायच्या आधीच सांगत, "आमचं घर भाड्याचं आहे हं." ते मी विसरले नाही.

तीन वर्षांनी मी सांगलीतच मुलींच्या शाळेत शिकवायला लागले. वाचनालयात रावसाहेबांचं व्याख्यान ठरलं. विषय एक गाजलेली इंग्रजी प्रेमकथा. आभारप्रदर्शनाला कुणी तयार नसे. मी आपणहून नाव दिलं. पुस्तक टेबलावर मांडून त्याला हार घालायचं कामही माझ्याकडेच आलं. तेव्हा काही विलायती पुस्तकं कडा न कापता येत. वाचत जाईल तसा वाचक सुरीने पानं सोडवी. वाचनालयाची ही प्रत रावसाहेबांनीच मागवून वर्षभर घरी ठेवली होती. सव्विसाव्या पानापुढे सुरी फिरली नव्हती.

रावसाहेब तासभर बोलले. नायिका अखेर जमीनदाराची पत्नी होते, हे सांगताना त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले.

मी उठले, हार बाजूला केला आणि ती न कापलेली पानं सभेपुढे धरली.

"बंद पानांतलं इतकं सांगणं सोपं नाही. रावसाहेबांनी पूर्वी एकदा न पाहिलेली पत्रिकाही वाचली होती. त्यांचे आभार मानावे तेवढे थोडेच."

"आवं, ह्ये तर उघडलंच न्हाई की!" मागून कुणी तरी ओरडलं.

"कातरी देऊ का, रावसाहेब?" ग्रंथपालांनी अगदी अदबीने विचारलं. मग हसू कुणालाच आवरेना.

रावसाहेबांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. "आपण कुणाच्या?"

"साताऱ्याच्या मास्तरांची. भाड्याच्या घरातली."

ते काठी विसरून निघून गेले.

पुस्तक मी खोलीवर नेलं. ते मीही वाचलेलं नव्हतं. भाजीच्या सुरीने पानं सोडवत रविवारपर्यंत संपवलं. नायिका अखेर जमीनदाराची पत्नी होते.