सातवीच्या वर्गाचा देश

मी सातवीत होते तेव्हा आमच्या वर्गाचा एक देश होता. बंगळूरच्या पेटेतल्या, म्हणजे जुन्या बाजारपेठेतल्या, मुलींच्या शाळेतली एक लांबट कौलारू खोली, तिच्यासमोरचा व्हरांडा, अंगणातलं करंजाचं झाड आणि झाडाखालचा पाण्याचा नळ, एवढी त्याची हद्द. नागरिक एकतीस. हा देश आमच्या नागरिकशास्त्राच्या मेष्ट्रूंनी काढला. बंगळूरात मास्तरांना मेष्ट्रु म्हणतात. आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या मराठी असली तरी आम्हीही तेच म्हणायचो.

त्याच वर्षी दुसरी सार्वत्रिक निवडणूक होऊन गेली होती. मेष्ट्रूंना शहराबाहेरच्या एका खेड्यात मतदान केंद्रावर कामाला पाठवलं होतं, आणि तिथून ते जरा वेगळेच होऊन आले. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा पहिल्याच तासाला त्यांनी पुस्तक बाजूला ठेवलं. खेड्यातली एक म्हातारी मतपेटीला हात जोडून मगच कागद आत टाकत होती, ते त्यांनी सांगितलं. "तिला अक्षर वाचता येत नव्हतं," ते म्हणाले. "पण तिचं मत माझ्या मताएवढंच. एका गुंजेनंही कमी नाही." मग म्हणाले, पुस्तकातून हे तुम्हाला कळायचं नाही, आपण एक देशच काढू.

देशाला नाव काय द्यायचं यावर दोन तास भांडण झालं. शेवटी नाव राहूनच गेलं, सगळ्या नुसतं 'आपला देश' म्हणू लागल्या. दर शनिवारी शेवटचा तास देशाचा. माझं अक्षर बरं होतं म्हणून मेष्ट्रूंनी मला निवडणूक अधिकारी केलं. मतदारांची यादी मी दोनरेघी वहीत लिहिली. प्रत्येक उमेदवाराचा एक बिस्किटांचा रिकामा डबा, त्यावर चिकटवलेलं चिन्ह: पणती, पोपट, कंदील. मत म्हणजे चिंचोका. मी त्यावर लाल शाईचा ठिपका देऊन ठेवायची. मुलीनं माझ्याकडे यायचं, मी यादीत नावापुढे खूण करायची, चिंचोका द्यायचा, आणि तिनं फळ्यामागे जाऊन हव्या त्या डब्यात तो टाकायचा. मेष्ट्रूंनी मला एकच नियम घालून दिला होता. निवडणूक अधिकाऱ्यानं बाजू घ्यायची नाही. म्हणून मला मत नव्हतं.

माझ्या शेजारी बसणारी मुलगी आम्हा सगळ्यांपेक्षा दोन वर्षांनी मोठी होती. निपाणीकडची. वडील गिरणीत कामाला, आई नव्हती, घरी दोन लहान भाऊ. त्यांचं सगळं आवरून ती यायची, म्हणून रोज उशीर व्हायचा, आणि दोन वर्षं ती नापासही झाली होती. वर्गात मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच. माझी मराठी ऐकून तिला हसू यायचं. "स्वल्प थांब काय म्हणतीस गं? जरा थांब म्हण की." तिच्या बोलण्यात कोल्हापूरचा ठसका होता आणि मला तो फार आवडायचा.

पहिल्या निवडणुकीत एका वकिलांची मुलगी अध्यक्ष झाली. ती वर्गात पहिली यायची, बोलायचीही छान. आणि माझी मैत्रीण पाणीमंत्री झाली. हे कुणालाच वाटलं नव्हतं, तिला तर मुळीच नाही. मधल्या सुट्टीत नळाशी मोठ्या मुलींची झोंबाझोंबी चालायची आणि पहिली-दुसरीतल्या पोरींना पाणी मिळायच्या आत घंटा व्हायची. हिनं आल्या आल्या रांग लावली. बारक्या पुढे, थोरल्या मागे. कुणी मध्ये घुसलं तर ती ओरडायची नाही, नुसती कमरेवर हात ठेवून समोर उभी राहायची. त्या तीन महिन्यांत तिला शाळेत यायला फारसा उशीर झाला नाही. एवढं मला आठवतं.

सहामाहीचा निकाल लागला. सात मुली नापास झाल्या, त्यात ती होती. पुढच्या शनिवारी अध्यक्ष उभी राहिली आणि तिनं एक कायदा मांडला. परीक्षेत नापास झालेल्यांना मत नसावं.

"देश कसा चालवायचा हे ज्यांना कळतं त्यांनीच तो चालवावा," ती म्हणाली. "नापास झालेल्यांनी अभ्यास करावा. पास झाल्या की मत परत मिळेल. यात वाईट काय आहे?"

तिच्या बोलण्यात दुष्टपणा नव्हता. आमच्या घरीही कुणी नापास झालं की खेळणं बंद व्हायचं. मेष्ट्रूंनी विचारलं, "कुणाला विरोधात बोलायचंय का?"  फक्त माझी मैत्रीण उठली. कन्नड ती अडखळत बोलायची.

"नळावर काय चुकलं का माझं?" तिनं विचारलं.

"नळाचा प्रश्न नाही," अध्यक्ष म्हणाली. "नळाचं तू चांगलंच केलंस."

"मग?"

अध्यक्ष मेष्ट्रूंकडे बघू लागली. माझी मैत्रीण खाली बसली. मेष्ट्रूंनी त्या खेड्यातल्या म्हातारीची आठवण करून दिली. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग हात वर करायला सांगितलं आणि ते मोजायचं काम माझं होतं. बाजूनं वीस हात. मी दोनदा मोजले. दुसऱ्यांदा मोजताना माझ्या लक्षात आलं की त्या विसांत नापास झालेल्या तिघी होत्या. त्यांच्यातल्या एकीला मी नंतर विचारलं, तू का हात वर केलास? ती म्हणाली, "नाही केला तर सगळ्यांना कळेल ना, मी नापासांच्या बाजूची आहे म्हणून."

त्या तासाला मी यादीतली सात नावं खोडली. पट्टी ठेवून सरळ रेघा मारल्या. मैत्रीण शेजारीच बसली होती. तिचं नाव तेविसावं होतं. मी तिथं आले तेव्हा तिनं वहीवरून नजर काढली आणि बाहेर बघू लागली.

घंटा झाल्यावर मी मेष्ट्रूंच्या मागे गेले. ते डोक्यावरचा फेटा नीट करत व्हरांड्यात उभे होते.

"मेष्ट्रु, देश तुम्ही काढलाय. तुम्ही हा कायदा रद्द करा."

"नोडम्मा," ते म्हणाले, बघ गं बाई अशा अर्थानं. "मी रद्द केला तर तो माझा देश होईल, तुमचा राहणार नाही."

"पण ते चूक आहे ना?"

"चूक आहे."

"मग?"

 त्यांनी फेटा पुन्हा चाचपला आणि म्हणाले, "मी समजावीन. पुढच्या तासाला समजावीन."

त्यांनी खरंच समजावलं. काही हक्क असे असतात की ते बहुमतानंसुद्धा काढून घेता येत नाहीत, असं त्यांनी फळ्यावर लिहिलं, खाली दोन रेघा ओढल्या. आम्ही सगळ्यांनी ते वहीत उतरवून घेतलं. अध्यक्षानं विचारलं, हे परीक्षेला येईल का? मेष्ट्रु म्हणाले, येईल. पण कायदा मागे घ्या, असं म्हणायला कुणीच उठलं नाही. मीही नाही. अधिकाऱ्यानं बाजू घ्यायची नसते, हे मला त्या दिवशी फार सोयीचं वाटलं.

घरी आल्यावर मी अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सगळं सांगितलं. ते दुकानात शिलाई मशीनवर बसले होते. पाय न थांबवता त्यांनी ऐकून घेतलं. "खेळातला देश ना गं तो?" ते म्हणाले. "सोडून दे."

दुसरी निवडणूक दिवाळीनंतर झाली. त्या शनिवारी ती सगळ्यांच्या आधी येऊन रांगेत उभी राहिली. मला वाटलं विसरली असेल. तिची पाळी आली.

"तुझं नाव नाही," मी हळूच म्हणाले. मराठीत.

"म्हाईत हाय." तिनं मूठ उघडली. आत एक चिंचोका होता, घरून धुऊन पुसून आणलेला. "हे माझ्याजवळचं हाय. तुझ्यातलं नको."

"त्यावर लाल ठिपका नाही."

"तू दे की."

शाईची दौत माझ्या समोरच होती. काडी त्यात बुडवलेली होती. मागून रांगेतल्या मुली पुढे वाकून बघत होत्या, अध्यक्ष फळ्याजवळ उभी होती, मेष्ट्रु खुर्चीत होते आणि त्यांचं आमच्याकडे लक्ष होतं. मी मेष्ट्रूंकडे पाहिलं. त्यांनी खिडकीकडे मान वळवली.

"नाही देता येत," मी म्हणाले.

तिनं मूठ मिटली आणि ती रांगेतून बाहेर पडली. मागची मुलगी पुढे आली, मी तिच्या नावापुढे खूण केली, तिला चिंचोका दिला. काम चुकलं नाही.

मत नाही तर मंत्रिपदही नाही, असं त्या दिवशी ठरलं. नळावर दुसरी मुलगी आली आणि आठवडाभरात पूर्वीसारखी झोंबाझोंबी सुरू झाली. शनिवारच्या शेवटच्या तासाला नापास मुली व्हरांड्यात बसू लागल्या. त्यांना तसं कुणी सांगितलं नव्हतं. आत बसून करायचं काय, म्हणून त्या आपणच उठून जायच्या. बाकीच्या दोघी-तिघी काचापाणी खेळत. ती भिंतीला टेकून बसायची आणि आतलं ऐकायची.

जानेवारीत शाळेची तपासणी झाली. अभ्यासक्रम मागे पडलाय, शनिवारचा तास व्याकरणाला द्या, असं वरून सांगण्यात आलं. मेष्ट्रूंनी डबे कपाटावर ठेवून दिले. त्या सात जणींचं मत परत द्यायला मग देशच उरला नाही.

फेब्रुवारीपासून ती शाळेत दिसेना. पंधरा दिवस वाट पाहून मी तिच्या घरी गेले. गिरणीच्या मागच्या बाजूला चाळीसारख्या खोल्या होत्या. ती भाकऱ्या थापत होती, धाकटा भाऊ पाठीला चिकटून बसला होता. वडिलांनी शाळा बंद केली, असं ती म्हणाली. वर्षभर त्यांच्या मनात तेच होतं. आमच्या कायद्यामुळे तिनं ते मान्य केलं, की कायदा नसता तरी हेच झालं असतं, हे मला तेव्हा विचारता आलं नाही. आता एवढ्या वर्षांनी बंगळूरच्याच जे. पी. नगरात मुलाच्या घरी बसून आठवते, तरी उत्तर सापडत नाही.

मला तिची माफी मागायची होती. वाटभर वाक्य जुळवत आले होते. तिनं गरम भाकरी आणि वर चटणी पुढे केली, मी खाऊ लागले, आणि ते वाक्य बोलायचं राहूनच गेलं.

"पुढची निवडणूक कवा हाय?" तिनं विचारलं.

"देश बंद झाला," मी म्हणाले. "तपासणीनंतर."

"म्हंजे आता कुणालाच मत न्हाई?"

"नाही."

तिला बरं वाटेल, अशी माझी समजूत होती. तिनं तव्यावरची भाकरी उलटली, कडा दाबून बघितली.

"वाईट झालं," ती म्हणाली. "चांगला होता."

उन्हाळ्यात त्यांचं कुटुंब गावी परत गेलं, असं कुणीतरी सांगितलं. मी पुन्हा गेले तेव्हा त्या खोलीत दुसरीच माणसं होती.

आठवीतही नागरिकशास्त्राला तेच मेष्ट्रु होते. पहिल्या दिवशी एका मुलीनं हात वर करून विचारलं, या वर्षी देश काढायचा का? त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. मग पुस्तक उघडलं, धडा पहिला म्हणाले, आणि पहिल्या बाकावरच्या मुलीला मोठ्यानं वाचायला सांगितलं.