पक्के आणि पुलाखालचा पाळणा

अर्धे कपडे दोरीवर होते, अर्धे पिळून बादलीत पडले होते, आणि दोरीचं सुटलेलं टोक हातात धरून पक्के गच्चीत विचार करत उभे होते. दोरीला झोळ पडला म्हणून बायकोनं नुसतं "जरा ओढून द्या हो" म्हटलं होतं. दुसरा कुणी गाठ मारून मोकळा झाला असता. पण पक्क्यांना दोरीला नुसती गाठ मारलेली बघवत नसे.

"अहो, आज पुलावर जायचंय ना तुम्हाला? माझा भाऊ वाट बघत असेल."

"तेच बघतोय. वाऱ्यानं ओढ लागली तर…"

"कपडे आहेत ते, ट्रक नाही. द्या इकडे." बायकोनं टोक हिसकावून घेतलं आणि आवाज खाली आणला. "नीट बघून उतरवा हो त्याला. मी देवापुढे बसतेय तोवर."

ट्रकच्या अड्ड्यावर सगळे त्यांना पक्के म्हणत. माल भरून झाला की ते गाडीला एक चक्कर मारत, प्रत्येक पट्ट्याला हात लावत आणि विचारत, "पक्कं?" ड्रायव्हर "पक्कं" म्हणाला की मगच गाडी हलायची. लग्नाच्या दिवशी सासरे डोळे पुसत म्हणाले होते, "पोरीला सांभाळा," तर यांच्या तोंडून निघालं होतं, "पक्कं." सासऱ्यांना तेव्हा जावई जरा तऱ्हेवाईक वाटला, पण माणूस शब्दाला जागला.

आयुष्य त्यांनी हमाल म्हणून सुरू केलं. एकदा एका वळणावर तेलाची पिंपं सुटून रस्ताभर गडगडली आणि मागच्या सायकलवाल्याचा पाय थोडक्यात वाचला. त्या दिवसापासून यांच्या डोक्यात भुंगा शिरला तो कायमचा. आधी त्यांनी पिंपाखाली सारायची लाकडाची पाचर केली, खालून रबर लावलेली. ती पिंपाखाली अशी दबा धरून बसे की ड्रायव्हर तिला बोका म्हणू लागले. मग खोक्यांच्या कोपऱ्यांना जुन्या टायरची टोपडी चढवली, म्हणजे पट्ट्यानं पुठ्ठा कापू नये. आणि मग आला कटकट्या. पट्टा ताणायची ही मूठ प्रत्येक ओढीला कट्ट असा आवाज करी आणि एक दात पुढे गेली की खटका दाबल्याशिवाय मागे म्हणून येत नसे. हे सगळं त्यांनी अड्ड्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, हातानं, भंगारातून केलं. कुणी मागितलं की देऊन टाकायचे. देवानं डोकं फुकट दिलंय, असं म्हणायचे.

बायकोचा धाकटा भाऊ नदीवरच्या पुलाच्या देखभालीला होता. पुलाच्या पोटाखाली दोरीनं लोंबकळून गंज खरवडायचा, रंग द्यायचा, हे त्याचं काम. मागच्या वर्षी त्याची दोरी कठड्याच्या कडेला घासून निम्मी तुटली. वरच्या सोबत्यांनी ओढून घेतला म्हणून वाचला. तो हसत हसत घरी येऊन सांगत होता, आणि त्याची ताई हातातलं ताट तसंच धरून उभी होती. तो गेल्यावर ती नवऱ्याला एवढंच म्हणाली, "लोकांच्या खोक्यांना तुमचे पट्टे. माझ्या भावाला मात्र दोरी."

पक्क्यांना ते लागलं. त्यांनी शेडमध्ये पुलाखालचा पाळणा करायला घेतला. ट्रकच्या हौद्यात एक लोखंडी खांब. त्याचा हात पुलाच्या कठड्यावरून बाहेर जायचा, खाली वळायचा आणि पुन्हा पुलाखाली शिरायचा. टोकाला चारही बाजूंनी कठडा असलेली फळी, उतरायला शिडी. तोल जाऊ नये म्हणून हौद्यात सिमेंटचे ठोकळे, आणि ठोकळ्यांना अर्थातच कटकटे. अड्ड्यावर त्यांनी तो वाळूच्या पोत्यांनी लादून बघितला. तो तसूभरही हलला नाही.

पुलावर आज एक बाजू वाहनांना बंद होती, आणि तिथे पाळण्याचा ट्रक कठड्याशेजारी लावला होता. देखभालीच्या इंजिनिअरबाई डोक्यावर हेल्मेट घालून हजर होत्या. त्यांनी आधीच स्पष्ट सांगितलं होतं, "आज जमलं तर यापुढे हेच वापरू. नाही जमलं तर मला माणसं दोरीवरच सोडावी लागतील. गंज काही थांबत नाही."

मेहुणा रंगाचा डबा घेऊन आला आणि पाळण्याकडे बघून म्हणाला, "भावोजी, पाळण्यात बसायचं वय गेलं की माझं. खुळखुळा कुठंय?"

"चढ गुपचूप. पट्टा लाव कमरेला."

"अंगाई तुम्ही म्हणणार का बाई म्हणणार?"

बाईसुद्धा हसल्या. पक्के हसले नाहीत. ते खांबाचा हात कठड्याला बांधत होते. बांधायची गरज होती असं नाही, पण मेहुणा खाली जाणार म्हणताच त्यांना राहवेना. एक पट्टा, दुसरा पट्टा, कट्ट कट्ट कट्ट, हाताला घाम फुटेपर्यंत.

"पक्कं?" त्यांनी विचारलं.

"पक्कं हो!" मेहुणा शिडीवरून दिसेनासा झाला.

थोडा वेळ खालून खरवडण्याचा आवाज येत राहिला. पक्क्यांनी देवाचं नाव घेतलं. तेवढ्यात पलीकडच्या बाजूनं सळया भरलेला एक ट्रक धडधडत आला. पूल थरथरला. पाळण्याचा ट्रक आपल्या स्प्रिंगच्या पाट्यांवर डुलला आणि त्याबरोबर हौद्यातला खांबही. पण कठडा जागचा हलेना, आणि कठड्याला बांधलेला हात मधल्यामधे ताणला गेला. पट्टे करकरले, खाली पाळण्याला हिसका बसला आणि रंगाचा डबा नदीत गेला.

"भावोजी!" खालून ओरड आली. "वर येऊ का बुडी मारू?"

"ये वर! ये, ये!"

मेहुणा वर आला, तोंडावर रंगाचे शिंतोडे घेऊन. बाई वाकून पट्ट्याखालचा कठड्याचा पाईप बघत होत्या. तो किंचित वाकला होता.

"हे चालणार नाही," त्या शांतपणे म्हणाल्या. "कठड्याला का बांधलंत?"

पक्क्यांनी कठड्यावर तळवा ठेवला. दुसरा एक ट्रक गेला. सबंध पूल त्यांच्या हाताखाली श्वास घेतल्यासारखा खाली गेला आणि वर आला. जन्मभर त्यांनी जमिनीवर उभ्या गाड्या बांधल्या होत्या. जमीन कधी अशी हलली नव्हती.

"हा नेहमीच हलतो?"

"हलायलाच हवा. हलला नाही तर तडे जातील. ट्रक वेगळा हलणार, कठडा वेगळा. तुम्ही दोघांना एकमेकांना जखडून ठेवलंत."

"म्हणजे मी पुलाला खोक्यासारखं बांधलं," पक्के म्हणाले. "आधी सांगितलं असतंत तर…"

"तुम्ही विचारलंत कुठे?"

"तेही खरंच. मी आपलं 'पक्कं' एवढंच विचारतो."

त्यांनी खटका दाबून एक कटकट्या उलटा फिरवला. त्या हातांना सैल सोडायची सवय नव्हती. पहिल्याच पट्ट्याला बोटं अडखळली. सगळे पट्टे सुटले तसा खांबाचा हात मोकळा झाला. बाईंनी पाळण्यात पुन्हा वाळूची पोती ठेवायला लावली. पुढचा ट्रक गेला तेव्हा पाळणा संथ झुलला. हिसका बसला नाही, पण हात पुलाच्या कडेला जाऊन घासला. "इथे मधे काहीतरी फिरतं, मऊ हवं," बाई म्हणाल्या. "ते लावल्याशिवाय माणूस उतरवू देणार नाही. तोवर…" त्यांनी मेहुण्याकडे आणि कोपऱ्यातल्या दोरीच्या वेटोळ्याकडे बघितलं.

"तोवर काही नाही," मेहुणा म्हणाला. "मी दोरीवर उतरणार नाही बाई."

"अरे, इतकी वर्षं उतरलास."

"तेव्हा पायाखाली काही नव्हतं. आज फळीवर उभा राहिलो तेव्हा पहिल्यांदा पूल दिसला मला. दोरीवर माणूस फक्त आपले हात बघतो." मग त्यानं तोंड पुसलं, "आणि ताईला हे सांगू नका. मी घाबरलो होतो म्हणेल."

बाईंनी दोरीचं वेटोळं पायानं बाजूला सारलं. "परवापर्यंत काम थांबवते. परवा पुन्हा बघू."

पक्क्यांचा फोन वाजला. बायको होती.

"आला का वर?"

"आलाय. इथेच आहे, तोंड रंगवून."

"बांधलं होतंत ना पक्कं?"

"नाही," पक्के म्हणाले. "सोडलं."

"सोडलं? तुम्ही?"

"घरी आल्यावर सांगतो. परवा पुन्हा उतरायचंय त्याला."

"मग परवाही बसेन मी देवापुढे," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

पक्क्यांनी कटकटे गोळा करून पिशवीत टाकले. मेहुणा पिशवीचा दुसरा बंद धरून बरोबर चालू लागला. भंगारवाल्याचं दुकान बंद व्हायच्या आत तिथे जाऊन हातगाडीची दोन रबरी चाकं आणायची होती.