पुढच्या शिडाचा काप

शिडाच्या कापावरून घरात भांडण झालेला आदिलाबाद जिल्ह्यातला मी एकटाच मास्तर असेन. समुद्र आमच्या घरात कोणी पाहिलेला नाही. पण हाकेच्या अंतरावर पैनगंगा होती, वाचनालयात शिडाच्या होड्यांवरचं एक सचित्र पुस्तक होतं आणि मला दिवाळीची सुट्टी होती. एवढ्यावर माणूस बिघडतो. सुताराकडून नाव बांधून घेतली, तिच्यावर मोठं शीड चढवलं. ते चाललंही! (हे कोणी लक्षात ठेवत नाही.) राहिलं होतं पुढचं तिकोनी शीड.

त्यातच धाकट्या बहिणीचं, सुमनचं, पलीकडच्या काठावर जमलं. आमचा काठ तेव्हा आंध्रात, त्यांचा महाराष्ट्रात. नवऱ्या मुलाचे वडील तहसीलीत कारकून, माणूस भारी मानी. साखरपुड्याआधी काही बिनसलं तर स्थळ हातचं जाणार, हे आमच्या घरातल्या कोंबड्यांनाही माहीत होतं. म्हणूनच मी ठरवलं की साखरपुड्याला कोणाच्या डोंग्यातून जायचं नाही, आपल्या दोन शिडांच्या नावेतून जायचं. समोरच्यांना कळू तरी दे, घर किती पुढारलेलं आहे ते.

पुस्तकात पुढच्या शिडाचे दोन काप होते. एकाची खालची कड थेट नावेच्या फळ्यांना टेकलेली. वारा खालून निसटत नाही, वेग जास्त. दुसरा वर उचलून कापलेला. वेग थोडा कमी, पण खालून समोरचं दिसतं. यात बाबांना विचारायचं काही कारण नव्हतं. त्यांनी सारा जन्म दुसऱ्याच्या शेतात सालदारकी केलेली. तरी चित्र पाहून ते म्हणाले, "गुडघ्याच्या वर काप. खालून दिसलं पाह्यजे."

माझं डोकंच फिरलं. जन्मभर यांनी गुडघ्यापर्यंत धोतर खोचून लोकांची कापसाची पऱ्हाटी निंदली. आता मुलगा मास्तर झाला, तर शीडसुद्धा गुडघ्यापर्यंतच! मी त्यांना चांगलं सुनावलं की आपल्या घरातले आखूड कापडाचे दिवस संपले.

"अरे, चिखल पाहून धोतर खोचतेत," बाबा म्हणाले. "मास्तर हाय का सालदार, ते चिखल पाहत नाही."

मी सरळ टेलरकडे गेलो.

टेलर शाळेचे गणवेश शिवणारा, तेलुगू माणूस. शीड त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं, पण घाबरला नाही. मापापेक्षा चांगलं वीतभर लांब शिवून ठेवलं. मी जाब विचारला तर शांतपणे म्हणाला, "सार, वाढत्या अंगाचं शिवलं." आमच्या शाळेतलं प्रत्येक लेकरू पहिली ते चौथी एकाच चड्डीत काढतं ते याच्याच जिवावर, हे कबूल. पण शीड वाढतं का? तो बिचारा कात्री लावायला तयार होता. मीच नको म्हणालो. लांब तर लांब, बाबांना दिसू दे.

साखरपुड्याच्या दिवशी वारा असा सुटला की पुस्तक लिहिणाऱ्याचे पाय धरावेसे वाटले. वाट सांगायला पुढं बसतो, असं बाबा म्हणत होते. मी त्यांना मानानं मागं, सुमनशेजारी बसवलं. समोर नदी नाही, काठ नाही, नुसतं पांढरं कापड. मध्येच पलीकडून ओरडा ऐकू आला. लोक काहीतरी सांगत आहेत, असं बाबांचं मत पडलं. ते स्वागत आहे, असं माझं मत पडलं, आणि मी उभा राहून जोरजोरात हात हलवला.

स्वागत होतंच. व्याही मानी असले तरी रीतीला पक्के. पाहुण्यांना हात देऊन उतरवायला ते स्वतः पाण्यात उतरले होते, नवी पांढरी पँट घालून, हातात झेंडूचा हार घेऊन. आम्ही आधी तो हार, मग व्याही आणि मग घाट, अशा क्रमानं पोचलो. नाव चिखलात रुतली. दोरी तुटली आणि शीड व्याह्यांवर आलं. टेलरच्या वीतभर जादा कापडामुळे ते त्यांना डोक्यापासून पायापर्यंत बरोबर पुरलं.

बाबा धोतर खोचून उतरले, कापड बाजूला केलं आणि व्याह्यांना उभं केलं. व्याह्यांच्या मिशीत झेंडूची पाकळी होती. सुमनची नखं माझ्या दंडात रुतली होती.

"हे एवढं खालपर्यंत कोनाच्या मतानं कापलं?" व्याह्यांनी विचारलं.

मी तुटलेली दोरी गुंडाळायला लागलो. बाबांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"माह्या," ते म्हणाले. "मी अडानी मानूस. पोरगं नको म्हणून राह्यलं होतं."

व्याही बराच वेळ चिखल पुसत राहिले. अडाणी म्हाताऱ्यावर किती वेळ रागावणार? त्यांनी पँट बदलली, साखर वाटली, सुमनचं स्थळ वाचलं. निघताना मात्र त्यांनी मला बोलावून घेतलं. बाबा दोन पावलांवर उभे होते.

"गुरुजी, तुमी एवढे शिकले-सवरलेले. मंग या म्हाताऱ्याचं ऐकलं काऊन?"

मी मान खाली घातली आणि म्हणालो, "काय करता, मोठ्यांचा शब्द मोडवत नाही."