वांग्याच्या दिवसांत वाईट बोलायचं नाही

आमच्या घरात एक नियम होता. कार्तिक लागला की माघापर्यंत, भरताच्या वांग्याच्या दिवसांत, घरात वाईट काही बोलायचं नाही. कुणाला ताप आला, कुणाचं भांडण झालं, झाडाला कीड लागली, जे काही असेल ते पोटात ठेवायचं आणि हंगाम उरकल्यावर बाहेर काढायचं. हा नियम माझ्या सासऱ्यांचा. त्यांना सगळे आबा म्हणत. आबा सांगत, चार महिन्यांचा धंदा डोकं थंड ठेवून करावा लागतो, आणि डोकं थंड ठेवायचं तर कानांना कमी काम द्यावं. आमच्या गावात, असोद्यात, या नियमाचं फार कौतुक होतं. एवढी धावपळ असून यांच्या घरात आवाज चढत नाही, असं लोक म्हणत. लग्न होऊन आले तेव्हा मलाही ते मोठं शहाणपण वाटलं होतं.

धावपळ होतीच. स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली असतील. आमची वांगी जळगावच्या बाजारात जायची. हिरवट पांढरी, मोठी, पातळ सालीची. या वांग्याचा जीव नाजूक. उजाडायच्या आत तोडायचं, केळीच्या वाळल्या पानांत घालून पाट्या भरायच्या आणि ऊन चढायच्या आत बैलगाडी बाजारात पोचवायची. दुपारी त्याची तकतकी गेली की गिऱ्हाईक हात लावत नाही. आभाळ आलं की मी रात्री उठून उठून बाहेर बघायची, कारण दोन दिवस ढग राहिले की आत अळी पडायची. चातुर्मास पाळणारी घरं चार महिने वांगं खात नसत, आणि चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-भाकरीचा नैवेद्य दाखवूनच सुरुवात करत. त्या एका दिवसासाठी अख्खं घर महिनाभर श्वास धरून असायचं.

बाजारात आम्ही दोघी बसायचो, मी आणि माझी थोरली जाऊ. तिला मी अक्का म्हणायची. अक्का तागडी चांगली धरायची, पण तिला बोलून माल खपवता येत नसे. गिऱ्हाइकानं वांगं दाबून पाहिलं तरी ती गप्प. बोलायचं काम माझं. कुठलं वांगं बिनबियांचं, कुठलं तुरीच्या वाळल्या काटक्यांवर भाजलं तर कडू होणार नाही, हे मी असं काही सांगायची की शहरातल्या बाया एकाऐवजी चार घेऊन जायच्या. आबा म्हणत, धाकटीच्या जिभेवर आपला हंगाम आहे. मला त्याचा अभिमान वाटायचा. आज त्या अभिमानाची शिसारी येते.

माझं माहेर बोदवड. तिथल्या आमच्या घराशेजारी एक मनुष्य राहायचा. तो जळगावला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता आणि दर तीन-चार दिवसांनी रेल्वेनं घरी जायचा. माहेरचा निरोप यायचा तो त्याच्याकडूनच.

त्या वर्षी चंपाषष्ठीच्या दिवशी बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. मी ओरडून ओरडून घसा बसवून घेतला होता. एका बाईची वांगी तागडीत होती, तेवढ्यात तो शेजारी समोर येऊन उभा राहिला. माझ्याकडे बघतच राहिला. मग म्हणाला, "तू इथंच? गेली नाहीस?"

मी विचारलं, कुठं?

त्याचा चेहरा पडला. त्यानं एकदा अक्काकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाला, "पोरी, तुझे वडील परवा गेले, मला आज सकाळी स्टेशनवर कळलं. मी पाच दिवसांपूर्वीच इथं सांगून गेलो होतो, फार दुखणं आहे, तिला धाडा म्हणून. तू पाणी आणायला गेली होतीस."

मी अक्काकडे पाहिलं. ती खाली मान घालून वांग्यांवर पाणी शिंपडत होती.

आणि मी काय केलं, तर तागडीतली वांगी पूर्ण तोलली. ती त्या बाईच्या पिशवीत घातली. हात आपोआप चालले. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नाही.

मग मी अक्काला विचारलं, कुणाकुणाला माहीत होतं? ती म्हणाली, तिनं त्याच दिवशी घरी जाऊन आबांना सांगितलं. आबांनी माझ्या नवऱ्याला सांगितलं. चंपाषष्ठी होऊ दे, मग धाडू, असं ठरलं. पाच दिवस माझा नवरा माझ्या हातची भाकरी खात होता, उद्या किती पाट्या निघतील ते विचारत होता, आणि त्याच्या पोटात हे होतं.

"तुले सांगतलं असतं त तू गेली असती," अक्का म्हणाली. "मंग आजच्या दिवशी इथी कोन बोललं असतं?"

ती हे दुष्टपणानं बोलली नाही. खरंच तिला दुसरं काही सुचत नव्हतं. म्हणून तर ते जास्त लागलं.

मी तशीच उठले. लुगड्याला मातीचे डाग, बोटांत देठाचे काटे. शेजाऱ्यानंच मला स्टेशनवर नेऊन गाडीत बसवलं आणि तोही बरोबर आला. बोदवडला पोचलो तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं. आई म्हणाली, स्टेशनात गाडीची शिट्टी झाली की ते विचारायचे, आली का? शेवटचे दोन दिवस तेवढंच बोलत होते.

माझा भाऊ दारात उभा होता. त्यानं आधी मला काही विचारलं नाही. तो शेजाऱ्याकडे वळला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, तुला निरोप दिला होता, तो पोचवला होतास का?

तो म्हणाला, पोचवला होता.

मग भावानं मला विचारलं, "तुला निरोप मिळाला होता?"

मी खरं तेच बोलले, आणि ते खरं खोट्यापेक्षा वाईट होतं. मी म्हणाले, "नाही. मला नाही मिळाला."

त्यापुढचं वाक्य माझ्या ओठांवर होतं. पण ते बोलले असते तर माझं सासर त्या अंगणात उघडं पडलं असतं, भाऊ मला परत पाठवायला तयार झाला नसता, आणि माझी दोन लेकरं असोद्याला होती. मी गप्प राहिले. भाऊ त्या माणसाला नाही नाही ते बोलला. जळगावला जाऊन पीत बसला असशील, म्हणाला. ज्यानं आयुष्यात कधी दारूला हात लावला नव्हता, त्याला. माझ्या सासरचं नाव त्यानं स्वतः घेतलं नाही; तो माझ्याकडे पाहत होता, मी बोलेन म्हणून वाट बघत होता. मी पदर तोंडाला लावला, आणि बायका म्हणाल्या, रडू द्या तिला.

तो आपल्या घरात गेला. त्यानंतर आमच्या दोन घरांत बोलणं राहिलं नाही.

तेरावं करून मी सासरी आले. आबा म्हणाले, झालं ते झालं, अजून हंगाम बाकी आहे, मन शांत ठेव. नवरा खाली बघत होता. मी बाजारात जाऊन बसले, वांगी विकली. पुढच्या वर्षी मात्र सांगितलं की अक्काशेजारी एका पोत्यावर मी बसणार नाही. बाजाराच्या दुसऱ्या टोकाला वेगळी जागा धरली. नियमही मोडला. जेवायला बसल्यावर मोठ्यानं सांगायची, आज अळीची वांगी निघाली, सासूबाईंचा खोकला वाढलाय, बैल लंगडतोय. नवरा ताट सोडून उठायचा. गावात माझं नाव काळ्या जिभेची पडलं. पडू दे म्हटलं. पण खरं सांगायचं तर याचाही उपयोग झाला नाही. आभाळ आलं की रात्री उठून बाहेर बघणं तसंच राहिलं, आणि जे एक वाक्य मी बोलायला हवं होतं ते सोडून बाकी सगळं मी बोलत राहिले.

तीन-चार वर्षांनी मी बोदवडला त्या शेजाऱ्याच्या घरी गेले. तो खाटेवर बसून सुंभ वळत होता. मी सगळं सांगितलं, माफी मागितली. त्यानं हातातलं काम थांबवलं नाही.

"माले सांगून काय कामाचं?" तो म्हणाला. "तुझ्या भावाले सांग."

भावाचं घर शेजारीच होतं. वहिनीनं चहा टाकला होता. मी गेले, चहा प्याले, लेकरांची चौकशी केली आणि संध्याकाळच्या गाडीनं परत आले.